पौर्णिमेची पाहुणी

शिर्डीची मुलगी असून तू त्या महाराजांकडे गेलीसच कशी, असं मला अजूनही विचारतात. ज्या गावात साईबाबांची समाधी आहे, तिथल्या माणसाला आणखी कोणाची पायरी चढायची गरज काय, असं विचारणाऱ्याच्या मनात असतं. पण गावात राहणाऱ्यांचं बाबांशी नातं निराळं असतं. आमच्या घरात बाबा म्हणजे वडिलांची नोकरी. ते एका लॉजवर मॅनेजर होते. आमच्या आळीत कोणाचं हार-प्रसादाचं दुकान, कोणाची जीप, तर कोणी पॉलिशवाला, म्हणजे बाहेरगावच्या भाविकाला स्टँडवरच गाठून ठरलेल्या दुकानात नेणारा. सकाळी एकमेकांना विचारायचं ते 'आज गर्दी कशीय?' एवढंच. काकड आरती आम्ही अंथरुणातच ऐकायचो आणि दर्शनाला पाहुणे आले की जायचो.

वडील २०११ साली अचानक गेले. आईनं बोलणंच टाकलं. माझं डी.एड. झालेलं होतं, पण २०१० च्या शिक्षणसेवक भरतीनंतर भरती जी थांबली ती थांबलीच. आमच्या वर्गातल्या मुली कोणी दुकानात, कोणी लग्न होऊन सासरी, कोणी दोन-तीन हजारांवर बालवाडीत. शेजारच्या एक मावशी दर गुरुवारी आईला जिल्ह्यातल्याच एका मठात न्यायला लागल्या. उसाच्या मळ्यांमधून आत जाणारा रस्ता, टोकाला मोठा पत्र्याचा मंडप. तिथले महाराज म्हणत की गुरुवारी त्यांच्या देहातून साईबाबा बोलतात.

बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीच्या दिवशी देह ठेवला. मागे त्यांनी कोणाला शिष्य म्हणून नेमलं नाही, गादी ठेवली नाही. त्या रिकाम्या जागेवर तेव्हापासून कितीतरी जण येऊन बसले. आमचे महाराज त्यांतले एक. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी त्यांनी आईला विचारलं, 'मालक जाताना पाणी मागत होते ना?' आई ढसाढसा रडली. वडील गेल्यानंतर ती रडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पाण्याची गोष्ट शेजारच्या मावशींना माहीत होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आई रडली, घरी येऊन जेवली आणि शांत झोपली. मला तेवढं पुरलं.

पहिले काही महिने मी तिथे खरोखर सुखात होते. हे सांगताना लोक अस्वस्थ होतात, पण ते गाळून पुढचं सांगता येत नाही. वर्षभर माझ्या शिक्षणाचा कोणाला उपयोग नव्हता. मठात मुलांचे संस्कारवर्ग माझ्याकडे आले, मग स्वयंपाकघराचा हिशोब आला. महाराज नावानं हाक मारायचे. २०१२ च्या गुरुपौर्णिमेला त्यांनी कानात मंत्र दिला आणि मी मठात राहायला गेले.

आता घर मठच, तर कागदपत्रंही इथेच असू देत, असं माई म्हणाल्या. माई म्हणजे तिथल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डी.एड.चं प्रमाणपत्र, आधार, बँकेचं पासबुक, सगळं एका पिशवीत घालून मी स्वतः त्यांच्या हातात दिलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माईंच्या कमरेला. फोन ऑफिसात जमा. घरी बोलायचं तर ऑफिसातून, माई समोर बसलेल्या असताना. पहाटे तीनला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, रात्री सत्संग संपला की अकरा वाजून गेलेले असायचे. सततच्या अपुऱ्या झोपेनं माणसाचं काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. प्रश्न पडायला जी ताकद लागते तीच उरत नाही. मार तिथे कोणी खाल्ला नाही. फाटकाला कुलूपही रात्रीचंच असायचं.

खरं कुलूप म्हणजे वही. प्रत्येक सेविकेनं रोज रात्री दिवसभरात मनात आलेल्या शंका वहीत लिहायच्या. महाराजांबद्दल वाईट विचार आला असेल तर तोही. माई वह्या वाचायच्या आणि गुरुवारी बाबांच्या नावानं महाराज आमच्या मनातलं आम्हालाच सांगायचे. आपणच लिहून दिलेलं आहे हे माहीत असूनही अंगावर काटा यायचा. पुढे नाशिकला माझ्या वाचनात रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचं काम आलं. चीनमध्ये विचारपालटाच्या प्रयोगातून गेलेल्या माणसांच्या मुलाखती त्यानं हाँगकाँगमध्ये घेतल्या आणि १९६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाचं मन ताब्यात घेण्याच्या ज्या आठ खुणा त्यानं नोंदवल्या, त्यांत सतत द्यावी लागणारी कबुली ही एक आहे. कुठे माओचा चीन आणि कुठे आमचा उसातला मठ. पण ते पान वाचताना मला त्या वहीची खाकी पुठ्ठ्याची पाठ दिसत होती.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. आमच्याकडे वर्तमानपत्र येत नसे. संध्याकाळच्या सत्संगात महाराजांनी ते सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. धर्माच्या आड येणाऱ्याचं काय होतं ते बघा, म्हणाले. मंडपात सगळे गप्प. त्या रात्री मी वहीत काहीच लिहिलं नाही. 'आज शंका नाही' एवढंच. मठात मी पहिल्यांदा काही लपवलं ते त्या दिवशी.

दाभोलकर गेल्यावर आठवड्याच्या आतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात कायदा झाला. या कायद्यानं आरती बंद होणार, वारी बंद होणार, असं महाराज सांगत आणि आम्ही ते खरं धरून चाललो होतो. मी तो कायदा वाचला तो बाहेर आल्यावर. उपासना, प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन यांना हात लावणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि अंगात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून दुसऱ्याला भीती घालणं, सांगितलेलं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. जे महाराज दर गुरुवारी करत होते, तेच जवळजवळ शब्दशः.

आता मैत्रिणीबद्दल.

आम्ही पहिलीपासून एका बाकावर. डी.एड.लाही बरोबर. तिच्या घरचं मंदिराजवळ हाराचं दुकान. ती बाबांची मनापासून भक्त; गुरुवारचा उपास, घरात पोथी. देव न मानणारं कोणीतरी मला सोडवून घेऊन गेलं असा लोकांचा समज होतो, तो चुकीचा आहे. मी मठात गेल्यावर ती पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिला फाटकातूनच परत पाठवलं. तिनं आरडाओरडा केला नाही. काही दिवसांनी तिनं मठाच्या ऑफिसात निरोप धाडला की पौर्णिमेच्या महापूजेचे हार आमच्या दुकानातून घ्या, खरेदीच्या भावात देऊ. कोणताही मठ याला नाही म्हणत नाही. तेव्हापासून दर पौर्णिमेला ती फुलांच्या करंड्या घेऊन यायची, आणि हार ओवायला मठातल्या ज्या बायका बसायच्या त्यांत मी असायची.

ती महाराजांबद्दल कधीही वाईट बोलली नाही. माझ्या भावानं एकदा येऊन मंडपात तमाशा केला होता. भोंदू, लफंगा, सगळं बोलून गेला. त्या रात्री मी तासभर उभी राहून महाराजांची बाजू मनातल्या मनात मांडत होते, आणि ती मांडता मांडता मठात आणखी घट्ट रुतले. मैत्रीण यायची आणि झेंडूच्या ढिगामागे बसून गावातल्या बातम्या सांगायची. कोणाच्या घराचा स्लॅब पडला, कोणाला जुळं झालं, राहात्याचे पेरू यंदा किडले, आपल्या वर्गातली अमकी कोपरगावला पार्लर चालवते. आधी मला हे सगळं प्रपंचाचं, क्षुल्लक वाटायचं. माई म्हणायच्या तसंच. मग हळूहळू अमावास्या उलटली की मी पौर्णिमेची वाट बघायला लागले. तिच्या बोलण्यात मी गावातलीच एक होते, थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेली.

फक्त एकदा ती वेगळं बोलली. दुकानात पोथीचं पारायण झालं होतं. माई शेजारीच बसलेल्या, तरी ती मोकळेपणानं म्हणाली, 'अगं, राधाबाईचा अध्याय आठवतो का?' गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंतांच्या साईसच्चरितातली ही गोष्ट शिर्डीच्या पोरांना लहानपणापासून माहीत असते. संगमनेरच्या मंडळींबरोबर राधाबाई देशमुख नावाची म्हातारी आली आणि बाबांनी कानमंत्र दिल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही म्हणून हटून बसली. शेवटी माधवराव देशपांड्यांनी बाबांना गळ घातली. बाबांनी तिला जवळ बसवून समजावलं की आपल्या गुरूनं आपल्याला कधी मंत्र दिला नाही, निष्ठा आणि सबुरी एवढंच मागितलं. कान फुंकणं आपल्याकडे नाही. मैत्रिणीनं ती गोष्ट सांगितली आणि पुढचा हार उचलला. साईबाबांचीच कथा, माई काय बोलणार? ज्याला कान फुंकणं मान्य नव्हतं, तो गुरुवारी आमच्या मंडपात येऊन मंत्र कसा देत होता, हा प्रश्न तिनं विचारला नाही. तो माझ्या डोक्यात आपोआप उभा राहिला, आणि तो मी वहीत लिहिला नाही.

१५ डिसेंबर २०१३ ला राज्यातली पहिली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी झाली होती. मैत्रिणीनं ती दिली. माझा अर्ज भरायची तिची इच्छा होती, पण नोकरी म्हणजे अहंकार, असं महाराजांचं उत्तर आलं. तिनं वाद घातला नाही. मात्र नंतर कधीतरी हार ओवताना तिनं विचारलं, 'तुझ्या मार्कशीट कुठेत गं?' कपाटात म्हटल्यावर ती गप्प झाली. पुढच्या एका पौर्णिमेला गुलाबाच्या करंडीत वर्तमानपत्राखाली दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज होता. मूळ प्रती माझ्या ताब्यात नाहीत, एवढंच आणि खरं तेच त्यात लिहिलेलं होतं. मी सही केली. आमच्या शाळेमार्फत तो पुण्याच्या विभागीय मंडळाकडे गेला. त्या कागदासाठी ती किती खेपा घालत होती ते मला बाहेर आल्यावर तिच्या आईकडून कळलं. गुणपत्रिका आल्या तेव्हा तिनं त्या दाखवल्यासुद्धा नाहीत. 'आल्यात. माझ्याकडे आहेत. तुला हव्या तेव्हा,' एवढंच.

माणूस अशा ठिकाणाहून का निघत नाही याबद्दल बरंच बोललं जातं. भीती, श्रद्धा, मेंदूवरचा ताबा. सगळं खरं आहे. पण अगदी साधी गोष्ट कोणी विचारत नाही : निघून जायचं कुठे, कोणत्या पैशावर, काय ओळख दाखवून? त्या अर्जावर सही करून दिल्यानंतर माझ्या मनात पहिल्यांदा 'बाहेर' नावाची जागा तयार झाली.

२०१६ चा एप्रिल. मराठवाडा पाण्यावाचून तडफडत होता, लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या. शिंगणापूर आमच्याच जिल्ह्यातलं. मुंबई उच्च न्यायालयानं मंदिरप्रवेशाचा बायकांचा हक्क मान्य केला होता आणि शेवटी देवस्थानानं वाट मोकळी केली. महाराज त्या आठवड्यात फार संतापलेले होते. बायकांमुळेच दुष्काळ पडला, असं मंडपात म्हणाले आणि आम्हा सेविकांना शुद्धीसाठी तीन दिवस निर्जळी करायला सांगितलं. ऐन एप्रिलात. आमच्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी चुलीपाशी कोसळली. तिला दवाखान्यात न्यावं असं मी म्हणाले, तर माईंनी उदी लावली आणि झाकून ठेवलं. ती वाचली. पण तिच्या ओठांवर मी चोरून पाणी सोडलं ते सोडताना माझा हात थरथरत नव्हता, आणि त्याचंच मला नवल वाटलं.

रामनवमी १५ एप्रिलला होती. मठाची पालखी दरवर्षी रामनवमीला शिर्डीला येते आणि मुक्काम मंगल कार्यालयात असतो. मुख्य दिवशी रात्री शेजारती होत नाही, समाधी मंदिर रात्रभर दर्शनाला उघडं असतं. मुंबईहून चालत आलेल्या पालख्या, ढोल, पाय सुजलेली पोरं, सगळं गाव माणसांनी तुडुंब. हार कार्यालयात पोचवायला मैत्रीण स्वतःच आली होती. करंडी उतरवताना म्हणाली, 'रात्री दर्शनाला नेणारेत ना? समाधीपाशी रांग दोन बाजूंना फुटते. तुमच्या बायका ज्या बाजूनं जातील त्याच्या उलट जा. मी द्वारकामाईसमोर उभी आहे.' मी काहीच बोलले नाही. तेव्हा ती म्हणाली, 'आणि नाही आलीस तरी काही बिघडत नाही. पुढच्या पौर्णिमेला हार घेऊन मी येईनच.'

ते शेवटचं वाक्य तिनं म्हटलं नसतं तर मी गेले नसते, याची मला खात्री आहे. महाराज म्हणायचे, मठ सोडलास तर सगळं संपलं. माझा भाऊ म्हणायचा, मठ सोडला नाहीस तर तू आम्हाला मेलीस. मी काहीही केलं तरी परत येणारं माणूस तेवढं एकच होतं.

रात्री दोनच्या पुढे आम्ही सभामंडपात पोचलो. एकाच रंगाच्या साड्या, पुढे माई, मागे एक सेवक. समाधीसमोर रेटारेटी झाली, सुरक्षारक्षक 'चला, चला' करत होते, आणि मी उलट्या बाजूला सरकले. हात जोडायचेही राहिले. बाहेर गारवा होता. द्वारकामाईसमोर ती मोठी ओढणी घेऊन उभी होती. तिनं ती माझ्या साडीवरून गुंडाळली आणि आम्ही चालायला लागलो. धावलो नाही. धावणाऱ्याकडे लोक बघतात.

ती मला आपल्या घरी नेणार असं मला वाटलं होतं. तिनं आधी पोलीस ठाण्यात नेलं. तिच्या पिशवीत माझ्या नावाचा अर्ज तयार होता : मी सज्ञान आहे, अमुक ठिकाणाहून स्वतःच्या इच्छेनं निघाले आहे, मला कोणीही पळवून नेलेलं नाही, माझ्या हरवल्याची तक्रार आल्यास हा अर्ज विचारात घ्यावा. पोच घेतली. शिर्डीतून माणसं बेपत्ता होण्याच्या तक्रारी किती होतात ते गावातल्यांना माहीत आहे. पुढे काही वर्षांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानंही त्याची गंभीर दखल घेतली. सकाळी मठाची माणसं मी हरवल्याचं सांगायला आली, तोवर पोच तिच्या पर्समध्ये होती आणि आम्ही नाशिकच्या एसटीत. तिथे नाशिकरोडला तिच्या मावशीच्या घरची माळ्यावरची खोली माझ्यासाठी झाडून ठेवलेली होती. खोलीत गुणपत्रिका होत्या, नव्या पासबुकासाठीचा बँकेचा अर्ज होता आणि एक साधा बटणांचा मोबाईल. ती त्याच दिवशी परत फिरली. रामनवमीचा काला होता, दुकान उघडायचं होतं.

सुटका म्हणजे लोकांना तो रात्रीचा प्रकार वाटतो. मला विचाराल तर नाशिकचं पहिलं वर्ष त्याहून कठीण होतं. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडायचेच. भाजी चिरताना मंत्र सुरू व्हायचा आणि मी तो थांबवू शकत नसे. बोट कापलं तर शाप. बस चुकली तर शाप. कोणती भाजी आणू, असं मावशीनं विचारलं तर मला सांगता येईना, कारण काय हवंय हे ठरवायची सवयच गेली होती. मैत्रीण रोज रात्री दुकान बंद झाल्यावर फोन करायची. तेव्हाही तिनं महाराजांना नावं ठेवली नाहीत. मी ठेवायला लागले तेव्हा मात्र ऐकून घेतलं, मध्येच न थांबवता. अंनिसच्या एका कार्यकर्त्यानं मला कायद्याची माहिती दिली, त्या कोसळलेल्या मुलीबद्दल मी लेखी जबाब दिला. ती मुलगी स्वतः बोलायला तयार नव्हती, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. मठ अजून आहे. मी आता एका खासगी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते.

आई अजून दर गुरुवारी जाते. माझ्या जाण्यानं घरावर कोप झाला असं तिला सांगितलं गेलं आणि दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मी दर पौर्णिमेला तिला फोन करत राहिले. ती उचलायची आणि गप्प राहायची. मी शाळेतल्या पोरांच्या गंमती, मावशीच्या सुनेचं डोहाळजेवण, भाजीचे भाव सांगून ठेवून द्यायचे. एकदा तिनंच मध्ये विचारलं, 'मग मुलगा झाला की मुलगी?'

गेल्या महिन्यात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली. तिच्या पिशवीत महाराजांची तसबीर होती. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री ती चाचपडत शोधत होती, तेव्हा मी काढून तिच्या हातात दिली. मैत्रीण शिर्डीहून सकाळच्या गाडीनं आली आणि ऑपरेशन होईपर्यंत बाकावर माझ्याशेजारी बसून राहिली. पट्टी निघाल्यावर आईनं तिला विचारलं, 'तुझ्या दुकानात शेवंती आली का गं?' दोघी बराच वेळ फुलांच्या भावावर बोलत होत्या. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे, आणि या वेळी पंधरा दिवस राहीन असं आई स्वतःहून म्हणाली आहे.